कोलाट्झचा प्रश्न ‘सुटल्याची’ बातमी छापण्याआधी

महोदय,

कोलाट्झचा प्रश्न कुणा हौशी अभ्यासकाने सोडवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. छापण्याआधी दहा मिनिटांत करता येईल अशी एक तपासणी सुचवतो.

प्रश्न सातवीतल्या मुलालाही कळेल. कोणतीही नैसर्गिक संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा. असे करत राहिल्यास शेवटी १ येतोच का? २७ पासून निघालो तर ९२३२ पर्यंत चढून १११ व्या पायरीला १ येतो. संगणकावर २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या सगळ्या संख्या तपासून झाल्या; सगळ्या उतरतात. पण ही सिद्धता नव्हे. देवळालीच्या द. रा. कापरेकरांच्या ६१७४ बाबत (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा; सगळे अंक सारखे नसतील तर ६१७४ येतोच) तपासणी हीच सिद्धता ठरते, कारण चार अंकी संख्या मोजक्याच. इथे संख्या संपतच नाहीत.

हौशी सिद्धता बहुधा सरासरीवर उभी असते. विषम संख्या तिप्पट होते, मग सरासरीने दोनदा निम्मी होते, म्हणजे दर फेरीला पाऊणपट, तेव्हा उतरणारच! आता +१ च्या जागी −१ करा. सरासरी तीच, पाऊणपट. पण ५ घ्या: १४, ७, २०, १०, पुन्हा ५. घाण्याचा बैल, १ कधीच नाही. म्हणून आलेल्या कागदात प्रत्येक +१ च्या जागी −१ वाचून पाहावे. युक्तिवाद तरीही बिनतक्रार चालला, तर तो खोट्या विधानालाही ‘सिद्ध’ करतो आहे. सरासरीच्या वाटेने गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी २०१९ मध्ये पुष्कळ गाठले, पण ते ‘जवळजवळ सर्व’ संख्यांबद्दल.

दुसरी घसरण अधिक फसवी. प्रत्येक संख्या कधीतरी स्वतःपेक्षा खाली येते एवढे दाखवले तरी पुरते, हे बरोबर आहे. सम संख्या लगेच निम्मी होते. विषमांपैकी ४ ने भागून १ उरणारी, म्हणजे ४क+१ घ्या: १२क+४, ६क+२, ३क+१. क शून्य नसेल तर काम झाले. ४क+३ मात्र चार पायऱ्यांनंतर ९क+८ होते, म्हणजे वरच जाते. मग १६ ने भागून बाकी पाहतात. १६क+३ ही ९क+२ पर्यंत उतरते. बाकी ७, ११ किंवा १५ असली की पुन्हा अडते. ३२, ६४, कितीही बारीक चाळणी लावा, काही बाक्या उरतातच. कागदात नेमक्या याच जागी ‘याचप्रमाणे’ हा शब्द असतो. ते पान आधी वाचावे.

आपला,
गणिताचा एक शिक्षक