हळदीच्या गावात प्रयोग का अडतोय?

संपादक साहेब,
माझी मुलगी सांगलीतच दहावीला आहे, विज्ञानाचे ४०-४० मार्कांचे दोन पेपर आणि प्रॅक्टिकलचे २०, पण प्रयोगवही सगळी फळ्यावरून उतरवलेली, परीक्षानळी हातात घेतलेलीच नाही. स्मार्ट बोर्ड आलाय, चांगलंय, पण व्हिडिओत बघणं आणि स्वतः करणं यात लय फरक आहे हो. परवा घरी हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवला, साबणाचं पाणी टाकल्यावर लालसर झाला, लिंबू पिळलं की परत पिवळा, मग पोरगी सोडा, ताक, चुना काय काय टाकून बघत बसली. २०२० चं शैक्षणिक धोरणही करून शिका म्हणतंय, मग शिक्षकांची ऑनलाइन माहिती भरायची कामं कमी करा आणि आठवड्यातून एक तास तरी लॅबचं कुलूप काढाच.
– एक पालक, सांगली