जिनी अचानक बदलली नाही

वाळपई, सत्तरी

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

हॅरी पॉटरच्या पुस्तकांतली जिनी तुला पटत नाही, असं तू रविवारी म्हणालीस. चार भाग कोपऱ्यात बसणारी मुलगी पाचव्या भागात एकदम धीट होते, असं कोण बदलतं, हा तुझा प्रश्न. मग सोमवारी फोनवर सांगितलंस की उत्तर येत असूनही वर्गात तुझा हात वर जात नाही, होस्टेलवरही तू जेवढ्यास तेवढं बोलतेस. तू या दोन गोष्टी वेगळ्या म्हणून सांगितल्यास. मला त्या एकच वाटल्या, म्हणून हे पत्र.

जिनी अचानक बदललेली नाही, बाय. आपण सगळी गोष्ट हॅरीच्या डोळ्यांनी वाचतो आणि हॅरीचं तिच्याकडे लक्षच नसतं. दुसऱ्या भागात हॅरी जिनीच्या घरी राहायला येतो तेव्हा ती लाजून पळते, लोण्याच्या बशीत तिचं कोपर जातं. आपल्या लक्षात राहतं ते लोणी. पण तिथेच तिचा भाऊ रॉन सांगतो की ही एरवी तोंड मिटत नाही, ते आपण विसरतो. आणि पाचव्या भागात हॅरीची मैत्रीण हर्मायनी काय सांगते बघ. सहा वर्षांची असल्यापासून जिनी भावांच्या नकळत बागेतली खोली उघडून एकेकाचा झाडू काढायची आणि उडायचा सराव करायची. सहा भावांच्या पाठीवरची एकटी बहीण, तिला कोण आपणहून खेळायला घेणार? तिने विचारलंच नाही. पुढे क्विडिच या झाडूवरून खेळायच्या खेळाच्या संघात तिची निवड झाली तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. नवल वाटणारे सगळे तिच्याच घरात वाढलेले होते!

मी पहिलीला शिकवते, तुला ठाऊकच आहे. जूनमध्ये येणारी काही मुलं दिवाळीपर्यंत वर्गात चकार शब्द काढत नाहीत. तीच मुलं घरी जाताना वाटेवर इतका कलकलाट करतात की दुकानदार बाहेर येऊन बघतात. अशा मुलाला मी कधीच ‘अबोल’ म्हणत नाही. त्याचा आवाज कुठे आहे ते मला माहीत असतं, तो वर्गापर्यंत यायला वेळ लागतो एवढंच.

दुसऱ्या भागातला डायरीचा प्रसंग तू पुन्हा वाच. अकरा वर्षांची पोर, पहिल्यांदाच घराबाहेर, आणि उत्तरं देणारी एक डायरी तिला मैत्रिणीसारखी वाटते. त्या डायरीतून शत्रू तिच्या मनाचा ताबा घेतो, तिच्याच हातून भयंकर गोष्टी घडवल्या जातात आणि मागाहून तिला काही आठवत नाही. सगळे तिला बळी म्हणूनच बघतात. पण संशय आल्यावर ती डायरी टाकून देते, कुणी न सांगता. पुढे ती हॅरीच्या हाती पडलेली दिसल्यावर त्याच्या खोलीतून परत चोरून आणते. एकदा तर सगळं सांगायचंच म्हणून हॅरी आणि रॉनसमोर येऊन बसते, शब्द ओठांवर आलेला असतो, तेवढ्यात तिचा मोठा भाऊ पर्सी येतो आणि ती उठून जाते. तिथे मला फार वाईट वाटलं. एवढ्या लहानपणी तिने जमेल तेवढी लढाई दिली होती. ती हरली, पण लढली नाही असं कसं म्हणायचं?

म्हणून पाचव्या भागातला तो प्रसंग मला सगळ्या युद्धांपेक्षा मोठा वाटतो. आपल्या मनाचा ताबा शत्रूने घेतलाय की काय, या भीतीने हॅरी कुणाशी बोलेनासा होतो. जिनी त्याला सरळ सुनावते: ज्याच्या बाबतीत हे घडलंय अशी तुझ्या ओळखीत मी एकटीच आहे, मला विचारायचं होतंस. तो म्हणतो, विसरलो. तिला विसरता येणं शक्य नव्हतं. मग ती त्याला नेमके प्रश्न विचारते, मधल्या वेळाचं काही आठवत नाही असं होतं का, आणि त्याची भीती घालवते. ज्याची लाज वाटायला हवी असं सगळ्यांनी धरलं असतं, तेच ती उघडपणे बोलते.

तू पाचवीत मराठी शाळेतून इंग्रजीत गेलीस तेव्हा कितीतरी दिवस रडत घरी यायचीस. ते तू कुणाला सांगत नाहीस. तुझ्या खोलीतली काणकोणची मुलगी रात्री उशीत तोंड घालून रडते म्हणालीस ना? तिला सांग. तुझ्या वर्गात ते जिला ठाऊक आहे अशी तूच असशील.

आता आईचं थोडं. तू जन्मलीस त्याच साली, २००७ मध्ये, शेवटचा भाग आला. त्यात जिनी सोळा वर्षांची आहे, जादूगारांच्या जगात सतराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो, म्हणून आई तिला लढाईत जाऊ देत नाही. शेवटी त्यांचा जुना शिक्षक ल्युपिन तोड काढतो, की तिने शाळेतच, एका गुप्त खोलीत थांबावं. हॅरीला ती खोली हवी असते, तो तिला जरा वेळ बाहेर जायला सांगतो, आणि ती जाते ती परत येतच नाही! पुढे हर्मायनी आणि मैत्रीण लूनाबरोबर शत्रूच्या बाजूच्या बेलाट्रिक्सशी लढताना मृत्यू तिला जेमतेम चुकतो, आणि तिची आई धावत मध्ये पडते. तू ते वाचून टाळ्या वाजवल्या होत्यास. मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते. लढाईला जाऊ नको म्हणणारी तीच आणि धावून येणारीही तीच, हे मला आतून कळलं.

तू फोनवर रडलीस की वाटतं, बाबांना फोंड्याला पाठवून तुला घरी आणावं. रोज येऊन-जाऊन कर म्हणावं, उसगावमार्गे बस आहेच. पण मी तसं म्हणणार नाही. तुला खरंच नको असेल तर तू सांग, मग आपण बघू. माझ्या काळजीपायी मात्र तू परत यायचं नाहीस.

गणपतीच्या चवथीला फुगडी घालताना गाणं तूच धरतेस, वाड्यावरच्या मोठ्या बायका मागून म्हणतात. तो आवाज मी ऐकलाय. तुझ्या वर्गाने अजून ऐकलेला नाही.

चवथ झाली की एखाद्या शनिवारी त्या काणकोणच्या मुलीला घेऊन ये, तिच्या घरच्यांना मी फोन करीन. आणि जिनीबद्दल तुला अजूनही माझं पटत नसेल तर तसं सविस्तर लिही, फोनवर नको. सहावा भाग बाबांबरोबर पाठवते आहे. पाचवा सध्या माझ्याकडे राहू दे, मी तो पुन्हा वाचायला घेतलाय.

तुझी,
आई