ब्राउनीची कृती मागितलीस म्हणून

पुणे, १८ जानेवारी

चि. मिहिर यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी बोललास. एक, महिनाअखेरीला लॅबमधल्या सगळ्यांना ब्राउनी खायला घालायच्यात, तेव्हा आई, कृती नीट लिहून पाठव. दुसरी अगदी जाता जाता, तीही हसत: हल्ली रात्री तळपायांना मुंग्या येतात, थंडीनं असेल. हे पत्र पहिल्या गोष्टीसाठी आहे. दुसरीबद्दल एक अक्षर लिहिणार नाही असं मी बाबांना कबूल केलंय. कागदावर एवढ्याचसाठी लिहितेय की व्हॉट्सअ‍ॅपवर तू अंगठा पाठवून मोकळा होतोस. स्वाती बुधवारी निघतेय, तिच्याबरोबर देते. तिळाच्या वड्याही देतेय. तू व्हेगन झालास, दूध-तूप-अंडं काही चालत नाही, म्हणून थाळ्याला तूप लावलेलं नाही, शेंगदाण्याचं तेल लावलंय. निर्धास्त खा.

आधी जवस. दोन मोठे चमचे जवसाची बारीक पूड, सहा मोठे चमचे पाणी, फेटून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. चमचा उचललास की त्याला तार धरली पाहिजे. जवस कच्चेच घे, भाजलेल्यांना चटणीचा वास येतो. आणि पूडच हवी, अख्खे दाणे नुसते भिजवून भागणार नाही. ही झाली दोन अंड्यांची सोय. मात्र अंडं केकमध्ये दोन कामं करतं, धरून ठेवतं आणि फुलवतं. जवस फक्त धरून ठेवतो. फुलवायचं काम बेकिंग पावडरचं.

आता कोको. तू तिथलाच, नेदरलँड्समधला घेणार, म्हणून सांगते. डबा उलटा करून घटक वाच. पोटॅशियम कार्बोनेट किंवा ई ५०१ असं लिहिलेलं असेल तर तो अल्कली लावलेला कोको. रंगाला गडद, चवीला सौम्य, पण त्यातलं आम्ल मारलेलं असतं. त्यात खायचा सोडा घातलास तर सोड्याला भिडायला आम्लच नाही. मग ब्राउनी बसते आणि वर साबणासारखी चव लागते. म्हणून बेकिंग पावडर, तिच्यात तिचं आम्ल तिच्याबरोबरच असतं. हा उद्योग मुळात तुमच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन हौटेन बापलेकांचा. कोकोतलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट १८२८ सालचं, आणि पुढे मुलानं त्या पुडीला अल्कली लावायला सुरुवात केली. अकरावीच्या वर्गात आम्ल-अल्कली शिकवताना मी हे सांगायची, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

प्रमाण असं. मैदा १२० ग्रॅम, कोको ४५, साखर २००, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, अर्धी वाटी म्हणजे १२० मिली तेल, तेवढीच कडक गरम काळी कॉफी, आणि १०० ग्रॅम डार्क चॉकलेट सुरीनं ओबडधोबड चिरून. साखर आधी गरम कॉफीत घालून जितकी विरघळेल तितकी विरघळव. वरचा पातळ चकचकीत पापुद्रा हवा असेल तर तो विरघळलेल्या साखरेतूनच येतो. कोकोही तिथेच घाल, गरम पाण्यात त्याचा वास खुलतो. तेल सूर्यफुलाचं घे. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. इथे आपल्या बाथरूममधली बाटली डिसेंबरपासून दगड झालीय, तर तुझ्या त्या डेल्फ्टच्या खोलीत ब्राउनीची वीट होईल.

साखरेचं विचारलं होतंस. तिकडची साखर बिटाची, ती गाळायला हाडांचा कोळसा लागत नाही, तेव्हा ती काळजी सोड. चॉकलेटच्या वेष्टनावर मात्र बघ. डार्क लिहिलेलं असूनही आत दुधाची पावडर असू शकते. तुमच्याकडे दूध असेल तर 'मेल्क' हा शब्द ठळक छापावाच लागतो, त्यामुळे सोपं आहे. आपल्याकडे हिरवा ठिपका बघून लोक समजतात की झालं. तो ठिपका शाकाहारीचा. व्हेगनची खूण वेगळी, २०२२ पासूनची, आणि ती मला अजून दुकानात शोधावी लागते.

आणि वेष्टनं वाचतोच आहेस तर सोयाच्या दुधाचंही वाच. त्यात बी १२ जीवनसत्त्व घातलेलं आहे का? सेंद्रिय म्हणून जे महागाचं घेतोस त्यात बहुधा नसणार, युरोपात सेंद्रिय मालात जीवनसत्त्वं वरून घालायला सहसा परवानगी नसते. म्हणजे पैसे जास्त आणि बी १२ शून्य.

बघ, तुझ्या मुंग्यांचं आलंच. बाबा समोर पेपर वाचतायत, त्यांना दाखवणार नाही.

तुला वाटत असेल आईला तुझं व्हेगन होणं पटत नाही. तसं नाही रे. अंड्याचं तर आपल्या घरात प्रकरणच नव्हतं. आजीच्या हयातीत एक अंडं उंबऱ्याच्या आत आलं नाही. तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन आठवतो? तुळशीबागेतून आणलेला, झाकणाला मधोमध काच. त्यात मी कंडेन्स्ड मिल्कचा केक करायची, आणि तू त्या काचेला नाक लावशील म्हणून आजी तुझ्या चड्डीचा पट्टा मागून धरून बसायची. केक होईपर्यंत दोघंही जागचे हलायचे नाहीत. मग बाबा तुला कॅम्पात कयानी बेकरीच्या रांगेत न्यायचे, आणि तू परत आलास की तुझ्या शर्टाच्या खिशात श्रूजबेरी बिस्किटांचा चुरा. सगळा लोण्याचा कारभार. त्यामुळे बिनअंड्याचं आम्हाला नवं नाही. दूध गेलं, ते मोठं आहे. मटण-मासे खाणाऱ्यानं दूध सोडलं तर त्याचं एक दार बंद होतं. आपल्याला बी १२ यायला दारच तेवढं एक होतं, ते दूध-दह्याचं.

तू ते का सोडलंस हे मला माहीत आहे. त्या गोठ्यावरून आलास त्या दिवशी जेवला नव्हतास, आणि कुणाला काही बोललाही नव्हतास. नंतर कधी पंगतीत कुणाला व्याख्यान दिलं नाहीस, कोथरूडच्या मावशीनं बासुंदीवरून एवढं ऐकवलं तेव्हाही नाही. मी मैत्रिणींना हे सांगते. तुला सांगत नाही, तू लगेच विषय बदलतोस.

पण ऐक. आता मास्तरीण बोलतेय. बी १२ ना झाडं करतात, ना गाय करते. ते करतात फक्त जीवाणू. गाईच्या पोटातले जीवाणू करतात म्हणून दुधात येतं. स्पिरुलिनात असतं म्हणतात ते आपल्या शरीराला चालत नाही, नुसतं दिसायला तसं. त्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला आहे. डोरोथी हॉजकिननं क्ष-किरणांनी त्याची रचना १९५६ साली उलगडली आणि १९६४ चं नोबेल तिला मिळालं. रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं, मिठाच्या एका कणापेक्षाही कमी. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं चालतो. म्हणून सोडल्या सोडल्या काही होत नाही आणि माणूस खुशीत राहतो. तुझ्या आता तीन दिवाळ्या होऊन गेल्या.

तू म्हणालास, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन उत्तम आहे. हेच मला नको होतं. तू पालेभाज्या, डाळी, राजमा भरपूर खातोस, त्यातून फोलेट, म्हणजे ब गटातलंच आणखी एक जीवनसत्त्व, भरपूर मिळतं. फोलेट भरपूर असलं की बी १२ कमी असूनही रक्त ठीक दिसू शकतं आणि नसांचं नुकसान मागे चालू राहतं. हे मी इंटरनेटवरून उचललेलं नाही. आपल्याच रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. याज्ञिकांनी आयुष्य घातलंय या विषयात. पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा त्यांचा अभ्यास १९९३ पासूनचा. जवळजवळ दोनतृतीयांश जणींना बी १२ कमी होतं, आणि फोलेट बहुतेकींना व्यवस्थित. २००८ साली त्यांनी छापलं की आईचं बी १२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणजे दूध घेणाऱ्यांची ही कथा. मुळात आपला साठाच तोकडा, त्यावर तू तेवढं एक दारही लावून घेतलंस.

रागावू नकोस. परत वाचलं तर तास घेतल्यासारखं झालंय खरं. खोडत नाही, कारण फाडलं तर कृतीही परत लिहावी लागेल.

तर ब्राउनी. कॉफी कोमट झाली की त्यात तेल, जवस, थोडा व्हॅनिला. मग मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ चाळून घाल. चमच्यानं हलक्या हातानं, मैद्याचे पांढरे ओघळ दिसेनासे होईपर्यंतच. फेटत बसलास की ब्राउनी चिवट होते. शेवटी चॉकलेटचे तुकडे. आठ इंची चौकोनी डब्यात कागद घालून १८० अंशांवर पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटं. काडी कोरडी निघेपर्यंत थांबू नकोस, ओलसर कण चिकटले पाहिजेत. आणि बाहेर काढल्यावर दीड-दोन तास सुरी लावायची नाही. अंडं नसलेली ब्राउनी गार होताना धरते, गरम कापलीस तर शिऱ्यासारखी वाढावी लागेल. मोरे काकूंकडे नेली त्या दिवशी बाबांनी डबा मांडीवर घेऊन पहारा दिला, आणि तिथे पोचल्यावर साखरेची गोळी घेऊन दोन वड्या खाल्ल्या. कुणाला कळलं नाही की यात लोणी नाही. मीही सांगितलं नाही.

छोल्यांचं उकडलेलं पाणी फेटून अंड्याच्या पांढऱ्याची जागा घेतं, तेही करून बघ कधी. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं. मी मात्र ते पाणी अजून कणकेतच घालते.

आजीचं तुला आठवत असेल का, तू बारावीत होतास. शेवटी शेवटी चालताना तिची एक चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि ती तशीच पुढे जायची. तिला कळायचंच नाही. मी मागून चप्पल उचलून आणायची. बी १२ ची इंजेक्शनं सुरू झाल्यावर हात सुधारले, पाय नाही सुधारले, उशीर झाला होता. तिचं वय वेगळं, तिच्या साखरेच्या गोळ्या वेगळ्या, त्या गोळ्यांनीही बी १२ उतरतं. म्हणून बाबांचंही मी दरवर्षी तपासून घेते. तुझं तसं काही असेल असं मी म्हणत नाही. थंडीनंही येतात मुंग्या. पण तू इथे होतास तेव्हा महाबळेश्वरला उघड्या पायांनी हिंडायचास, तेव्हा नाही कधी आल्या.

गोळी स्वस्त असते, त्यातलं बी १२ जीवाणूंपासूनच बनवतात, प्राण्यांपासून नाही. तुझ्या तत्त्वाला कुठे धक्का लागत नाही. नाहीतर मी मागे लागलेच नसते.

वीस माणसांना स्वतःच्या हातानं करून घालणार आहेस. मला हे ऐकून काय वाटलं ते लिहीत नाही. फोटो पाठव, कापल्यानंतरचा, म्हणजे आतली कड दिसेल.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या ओव्हनला पंखा असेल तर १८० नको, १६० ठेव. आणि गोळी आत्ताच सुरू करू नकोस. आधी रक्त दे, नाहीतर आकडा चांगला येतो आणि काही कळत नाही. नुसतं बी १२ नको, ते कमी पडलं की रक्तात वाढणारं मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिडही तपासायला सांग. डॉक्टरांना शब्द आठवला नाही तर हे पान दाखव. बाबांना मी सांगेन की फक्त कृती लिहिली होती.