सेवाग्रामच्या प्रार्थनेतले शब्द

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सेवाग्रामला आपण संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलो होतो, तेव्हा सुरुवातीलाच म्हटल्या गेलेल्या ‘नम्यो हो रेंगे क्यो’चा अर्थ तू मला विचारला होतास आणि मला तो सांगता आला नव्हता. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ आपल्या कानांच्या ओळखीचे. हे शब्द मात्र परके वाटले होते. त्यांचा उलगडा मला झाला तो हॉवर्ड जोन्स या इंग्रज सिंथपॉप (सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर आधारलेले पॉप संगीत) गायकामुळे.

मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये पियानो शिकलेला हा माणूस १९८३ साली ‘न्यू साँग’ घेऊन आला, तेव्हा त्याच्या मागे वादकांचा ताफा नव्हता. भोवती सिंथेसायझर व ड्रम मशीन आणि शेजारी साखळ्या अंगावर घेतलेला जेड हॉइल हा मूकाभिनेता, एवढाच संसार होता. पुढच्याच वर्षी ‘ह्यूमन्स लिब’ हा त्याचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

मला मात्र पुनःपुन्हा पाहावासा वाटतो तो १३ जुलै १९८५चा ‘लाइव्ह एड’ हा दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा संगीत कार्यक्रम. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर सुमारे ७० हजार माणसे जमलेली असताना, ज्या यंत्रांनी त्याला नाव दिले ती सारी बाजूला ठेवून, हा एकटा पियानोपाशी बसतो आणि ‘हाइड अँड सीक’ गातो. काहीच नव्हते तेव्हा एकटाच असलेला कोणी जग घडवतो आणि त्यातच लपतो, असे ते गाणे आहे. ते ऐकताना मला ‘एकोऽहं बहु स्याम्’ (मी एकटा आहे, अनेक व्हावे) आठवते. बौद्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून तो हेच शोधत होता, अशी माझी खात्री आहे.

१९९०च्या दशकात मोठ्या रेकॉर्ड कंपनीची साथ सुटल्यावर त्याने ‘डीटॉक्स’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि त्याच दशकात तो सोका गाक्काई या जपानी बौद्ध संघटनेच्या मार्गाने निचिरेन बौद्ध साधनेकडे वळला. आपण ऐकलेले ते शब्द म्हणजे याच साधनेचा जप. जॅझचा थोर पियानोवादक हर्बी हॅनकॉकही त्याच साधनेतला. १९८५च्या ग्रॅमी सोहळ्यात दोघे एकाच मंचावर सिंथेसायझर वाजवत होते, हे आता पाहताना अंगावर काटा येतो.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: ‘नम्यो’ म्हणजे ‘नम’ आणि ‘म्यो’. त्यातले ‘नम’ म्हणजे आपलेच नमन आणि पुढचे ‘म्यो हो रेंगे क्यो’ म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाचे जपानी नाव. तेराव्या शतकात निचिरेन यांनी या नावाचाच जप शिकवला आणि गांधीजींकडे आलेल्या जपानी भिक्षूंमुळे तो आश्रमात पोहोचला. ज्यांना आपण परके समजलो, ते शब्द मुळात इथूनच गेलेले होते.

‘लाइव्ह एड’चे ते चित्रण आधी पाहा, मग उत्तर लिही. पुढच्या खेपेस सेवाग्रामला जाऊ, तेव्हा आपणही तो जप सर्वांबरोबर म्हणू.

तुझाच,
मित्र