बालसंगोपनाचे पैसे कुठे अडलेत, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय,
महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझी बहीण वारली. तिची मुलगी मी सांभाळते. अशी मुलं घरात सांभाळायला सरकार बालसंगोपन योजनेतून पैसे देतं, ते गणपतीपासून आलेले नाहीत. दर महिन्याला येतील असं सांगितलं होतं, म्हणून विचारायला गेले, तर टेबलापलीकडचे साहेब फाइल न उघडता म्हणाले, "जमत नसेल तर बालगृहात ठेवा ना ताई, तिथं सगळी सोय असते."

ती सोय मला शिकवू नका. आम्ही दोघी बहिणी बालगृहातच वाढलो. मारझोड नव्हती, हे मुद्दाम सांगते. पण रात्री ताप चढला तर अख्ख्या हॉलला एक काळजीवाहक, आणि तीही दमलेली. जन्मतारीख माहीत नाही म्हणून शाळेत १ जून लावली. वाढदिवस मात्र भरपूर व्हायचे, देणगीदारांच्या मुलांचे. केक ते कापायचे, टाळ्या आम्ही वाजवायच्या. अठरा पूर्ण झाली आणि हातात पिशवी आली. अठरानंतर ठेवतात त्या अनुरक्षण गृहात जागा नाही म्हणाले. एका शिवणवर्गाच्या खोलीत, मशिनांच्या मध्ये अंथरूण टाकून किती तरी महिने काढले. तिथेच शिलाई शिकले, त्यावरच आज घर चालतं. सरकारचं यात काय योगदान, ते तुम्हीच शोधा.

तुमच्या भाषणांत इतिहास असतोच. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, हे दर ३ जानेवारीला ऐकतो. पण तिथे जन्मलेलं एक मूल त्यांनी १८७४ मध्ये स्वतःच्या घरात घेतलं, यशवंत नाव ठेवलं, डॉक्टर केलं, इथवर भाषण क्वचितच पोहोचतं. बालसंगोपन योजनेला सावित्रीबाईंचं नाव देऊन झालंय, तेवढं पुरे असावं.

सरकारची परंपरा निराळी. डोंगरीच्या ज्या तुरुंगात १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस होते, तिथेच पुढे मुलांना ठेवलं. १९२४ चा मुंबईचा बालक कायदा, मग १९४८ चा, मग केंद्राचे बाल न्याय कायदे १९८६, २०००, २०१५ चे. रिमांड होमची पाटी बदलून निरीक्षणगृह झालं. २०१५ च्या कायद्यात स्पष्ट आहे, संस्था हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. १९९२ मध्ये देशाने मान्य केलेल्या बालहक्क करारातही कुटुंबालाच मान आहे. तुमच्या साहेबांना शेवटचा उपाय सगळ्यात आधी सुचला.

आता पैसे. महिन्याला ४२५ होते, कोविडच्या काळात ११०० झाले, २०२३ च्या अर्थसंकल्पात २२५०. बाकं वाजली असतील. म्हणजे दिवसाला ७५ रुपये, आले तर! केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशाच मुलाला ४०००. मूल तसंच, भूक तीच, फक्त अर्ज दुसरा. तिला बालगृहात ठेवलं तर अधीक्षक, पहारेकरी, स्वयंपाकी, वीजबिल धरून याच्या दुप्पट-तिप्पट सहज जात असतील. तिथं बिलं निघतात ना. मावशी कसलं बिल लावणार?

आणि मुलांना मत नसतं. ज्यांना असतं त्यांचे 'लाडकी बहीण'चे हप्ते निवडणुकीआधी खात्यात कसे पडतात, ते २०२४ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. तेव्हा सर्व्हर डाउन नव्हता, आधार लिंक अडलं नव्हतं, साहेब मीटिंगला गेले नव्हते.

कागद सगळे दिलेत. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, गृहभेट अहवाल, आणि घरासमोर मुलीला घेऊन काढलेला फोटो. हा फोटो काढताना अख्खी चाळ बघते. पोरगी आता तेरा वर्षांची आहे, यंदा उभी राहायला तयार नव्हती. अनाथ आहे याचा पुरावा दारात उभं राहून किती वेळा द्यायचा तिने? तुम्ही कधी काढलात का मुलांबरोबर असा फोटो, पगार सुरू राहावा म्हणून?

मागणं फार नाही. थकलेले पैसे द्या, महिन्याची एक तारीख ठरवा आणि तो फोटो बंद करा. कुठल्या जिल्ह्यात किती मुलांचे किती महिने थकलेत ते जाहीर करा. बालगृहाचा सल्ला देणाऱ्या साहेबांना एक रात्र त्या हॉलमध्ये ठेवा, हे मागणं नाही, इच्छा आहे.

उत्तर पाठवलंत तर सरकारी भाषेत पाठवलं तरी चालेल. मुलगी आठवीत आहे, ती वाचून दाखवेल मला.

आपली,
एक मावशी