रणगाडा नाही हो, आणि खेळणं तर नाहीच

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत दादरच्या शाळेच्या हॉलमधल्या छंदांच्या प्रदर्शनाची तुम्ही अर्धं पान बातमी दिलीत, फोटो पण मोठे टाकलेत, त्याबद्दल आधी आभार. त्यात खाली डाव्या कोपऱ्यात जी मातकट रंगाची गाडी आहे ना, ती माझी. म्हणजे मी बनवलेली. आणि फोटोखाली छापलंय, 'ब्रिटिश रणगाड्याचं हुबेहूब खेळणं'. चार शब्द आणि त्यातले दोन चुकीचे. हुबेहूब पण तसं खरं नाही, कारण उजव्या बाजूचा आरसा सकाळीच कुणाच्या तरी बाहीला लागून पडला होता, पण तो शब्द मी चालवून घेतो.

रणगाड्याला पट्टे असतात. वर फिरणारा बंद घुमट असतो, त्यातून लांब तोफ बाहेर आलेली असते. फोटोतल्या गाडीला चार चाकं आहेत, छप्पर नाही, दरवाजे नाहीत, आणि मागे उभी आहे ती मशीनगन. आपल्याकडे पेपरात चिलखती काही दिसलं की रणगाडा लिहून मोकळे होतात, म्हणजे लोकलला, मालगाडीला आणि मोनोरेलला सरसकट आगगाडी म्हटल्यासारखं झालं. मी रेल्वेच्या कारशेडमध्ये 34 वर्षं फिटर होतो, मला असलं पटकन खुपतं, राग मानू नका.

तर ती गाडी म्हणजे जॅकल. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातली सुपाकॅट नावाची कंपनी ती बनवते, 2007 साली ऑर्डर दिली आणि 2008 मध्ये ती अफगाणिस्तानात हेल्मंदला पोचली. जॅकल म्हणजे आपला कोल्हा. त्या काळातल्या त्यांच्या बऱ्याच गाड्यांना कुत्र्या-कोल्ह्यांचीच नावं आहेत, कायोटी, मॅस्टिफ, हस्की, फॉक्सहाउंड, सगळं गोत एकच. काम काय तर गस्त. रस्ता नसलेल्या मुलखात लांबवर जायचं, बघायचं, गरज पडली तर गोळीबार करायचा, परत यायचं. सपाट रस्त्यावर ताशी 130 किलोमीटरपर्यंत पळते म्हणतात.

मला ह्या गाडीचं वेड लागलं ते बंदुकीमुळे नाही, सस्पेन्शनमुळे. जॅकलच्या चाकांवर स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत, हवा कमीजास्त केली की गाडी वर-खाली होते. खडकाळ जागी वर उचलायची, रस्त्यावर किंवा गोळीबाराच्या वेळी खाली बसवायची म्हणजे डुलत नाही. हे वाचलं आणि मी घरात एकटाच हसलो, कारण आपल्या नवीन लोकलच्या डब्याखाली पण एअर स्प्रिंगच असते, काळी, फुगलेली, आणि ठाण्याला गर्दी चढली की लेव्हलिंग वाल्व्ह आपोआप आत हवा सोडतो, म्हणून डबा प्लॅटफॉर्मच्या लेव्हलला राहतो. आयुष्यभर ते वाल्व्ह खोलले मी. म्हणून मॉडेल करताना एक चाक दगडावर चढवायचं ठरवलं. एअरफिक्स ह्या ब्रिटिश मॉडेल कंपनीच्या 1:48 च्या किटमध्ये सगळी चाकं सरळ एका रेषेत येतात, मग मी आर्म कापला, पिशवी दाबलेली दाखवली, समोरच्या बाजूची ताणलेली दाखवली, ह्या एका गोष्टीला अकरा दिवस गेले आणि प्रदर्शनात ते बरोब्बर एका माणसाने ओळखलं, तो पण निघाला एसटीचा मेकॅनिक.

1:48 म्हणजे खरी गाडी 48 पट लहान. पाच मीटरच्या वर लांब असलेली जॅकल हातात घेतली की 11 सेंटिमीटर भरते. ह्या हिशोबाची एकदा सवय लागली की जग वेगळंच दिसायला लागतं. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, मॉडेलच्या हिशोबात ते 3.6 सेंटिमीटर जाडीचा पत्रा झालं. धुळीसाठी मी पहिल्यांदा रांगोळी टाकली आणि फसलो, रांगोळीचा कण अर्धा मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच सेंटिमीटरची खडी ओतल्यासारखं दिसलं. मग मुलतानी माती आणि चिमूटभर गेरू, बायकोच्या जुन्या ओढणीतून दोनदा चाळलेला, आणि मऊ ब्रशने नुसता टेकवायचा, चोळायचा नाही. हेल्मंदची धूळ अगदी तशीच दिसते. गाडीवरचं जाळं म्हणजे मेडिकलमधला गॉझ, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून. अँटेनाला खराट्याचा हीर तासून घेतो. परदेशी मंडळी ह्या सगळ्याच्या तयार बाटल्या आणि पाकिटं विकत घेतात, आपलं काम किराणा दुकानात होतं.

पावसाळ्यात मात्र सगळं बंद. जुलैत लॅकर मारला की हवेतल्या दमटपणाने रंगावर पांढरी झाक येते, एकदा अख्खी गाडी बुरशी आल्यासारखी झाली, थिनरने पुसून पुन्हा पहिल्यापासून. आणि दोन खोल्यांच्या घरात थिनरचा वास म्हणजे काय प्रकरण असतं ते घरातल्यांना विचारा, मला नको. गॅलरीत पाट टाकून बसतो, तर शेजारचे म्हणतात साहेब 1947 ला गेला आणि तू अजून त्याच्या गाड्या धुतोयस.

आता ब्रिटिशांच्याच गाड्या का, हा प्रश्न खरंच वाजवी आहे, प्रदर्शनात पण खूप जणांनी विचारला आणि तुमच्या वार्ताहर मुलीने पण विचारला, पण उत्तर काही छापून आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझ्या टेबलावर जॅकलच्या शेजारी दोन लँड रोव्हर होत्या, एकाच डब्यात मिळालेल्या, एअरफिक्सनेच जोडी म्हणून काढल्यात. (लँड रोव्हर 2008 पासून टाटांची, म्हणजे मालक आपल्या फोर्टातल्या बॉम्बे हाऊसचा, हे पण लोकांना सांगावं लागतं.) एक उघडी, वर पाइपांचा सांगाडा आणि बंदूक, तिला विमिक म्हणतात. दुसरी बंद, साध्या व्हॅनसारखी, तिचं नाव स्नॅच. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं कारण ती दिसायला अगदीच बिचारी आहे. पण सगळी गोष्ट तिच्यात आहे. स्नॅच बनवली ती 1990 च्या दशकात उत्तर आयर्लंडच्या गल्ल्यांसाठी. दगड, पेट्रोल बॉम्ब, पिस्तुलाची गोळी एवढ्यापुरतं फायबरसारखं चिलखत. 2003 नंतर तीच गाडी इराकला पाठवली, पुढे अफगाणिस्तानात. तिथे धोका बाजूने नव्हता, खालून होता. रस्त्यात पुरलेले बॉम्ब. आणि स्नॅचची बूड सपाट, जमिनीला जवळ, त्यावर काही खास चिलखत नाही. 37 ब्रिटिश सैनिक त्या गाड्यांमध्ये जिवानिशी गेले असं तिकडच्या बातम्यांत येतं. सैनिकच तिला फिरती शवपेटी म्हणायचे.

इराक युद्धाची चौकशी झाली, चिलकॉट अहवाल म्हणतात तो, 2016 च्या जुलैत आला आणि स्नॅचच्या जागी चांगली गाडी आणायला किती उशीर केला ते त्यात स्पष्ट लिहिलंय. मेलेल्या सैनिकांच्या घरचे त्याआधीच तिकडच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 2013 ला सरकारवर दावा लावता येतो असा निकाल मिळवला. 2017 ला संरक्षणमंत्री मायकल फॅलन यांनी लेखी माफी मागितली. एका गाडीच्या बुडावरून एवढं सगळं झालं आणि ते सगळं उघड कागदावर आहे, घरबसल्या वाचता येतं. म्हणून ब्रिटिशांच्या गाड्या.

म्हणूनच मी मॉडेलं आरशावर ठेवतो. वरून बघितलं तर सगळ्या सारख्याच, खाकी, चाकं, जाळी. खाली आरशात बघा. स्नॅचचं पोट सपाट. फॉक्सहाउंडचं पोट होडीसारखं, व्ही आकाराचं, म्हणजे खालून स्फोट झाला की जोर पत्र्यावर थेट आदळण्याऐवजी दोन्ही बाजूंना निसटतो. ती फॉक्सहाउंड 2012 ला अफगाणिस्तानात आली, साडेसात टनाची, आणि तिचं इंजिन अर्ध्या तासात काढून बदलता येतं असा दावा आहे (आमच्या शेडमध्ये अर्ध्या तासात चहा यायचा फक्त). मधली जॅकल काही देवाचा अवतार नाही. वर उघडी, ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावरच बसलेला, म्हणजे बॉम्ब फुटला तर पहिला तोच, त्यावर टीका झाली आणि पुढच्या मॉडेलांत खालचं संरक्षण वाढवावं लागलं. पण उघडी असल्यामुळे सैनिकाला चारी बाजूंना दिसतं, आणि रस्ता सोडून कुठूनही जाता येतं म्हणून बॉम्ब पुरणाऱ्याला ती कुठून येणार ते कळत नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मी स्वतः विचाराल तर त्या गाडीत बसणार नाही, पण बनवायला ह्याच्यासारखी गाडी नाही, सगळं पोटातलं उघड्यावर, पाइप, जेरीकॅन, पट्टे, पिशव्या.

आता खेळण्याचं. तुम्ही एकटेच तसं म्हणता असं नाही, सरकार पण म्हणतं. कस्टमच्या यादीत 9503 नंबरचा एक रकाना आहे, त्यात तीन चाकी सायकल, बाहुल्या, कोडी आणि त्याच ओळीत स्केल मॉडेल. 2020 च्या बजेटमध्ये ह्या रकान्यावरची ड्युटी 20 टक्क्यांवरून 60 केली आणि 2023 ला 70. का तर स्वस्त आणि खराब खेळणी बाहेरून येऊ नयेत, देशातल्या खेळणीवाल्यांना काम मिळावं. हेतू चांगलाच आहे, पोरं तोंडात घालतात त्या वस्तूंचं बघायलाच पाहिजे, पण 60 वर्षांचा माणूस जॅकल तोंडात घालत नाही. आणि गंमत ऐका, माझ्याकडे एअरफिक्सचा विमानाचा एक जुना डबा आहे त्यावर मेड इन इंडिया छापलंय. इथे बनून तिकडे गेला, तिकडून परत इथे आला, आणि दारात परदेशी खेळणं झाला.

मागे एकदा पार्सल सोडवायला गेलो होतो, ऑफिसचं नाव नको. डब्यावर बंदुकीचं चित्र बघून साहेब म्हणाले, हे शस्त्र आहे का? मी म्हटलं नाही हो, प्लॅस्टिकचे 150-200 तुकडे आहेत, जोडायचे असतात. मग म्हणाले म्हणजे खेळणं. मी म्हटलं स्केल मॉडेल. ते म्हणाले, एकच ना ते. वाद घालायची सोय नव्हती, पाठीमागे लाईन होती.

कबूल करतो, एका गाडीच्या बाबतीत माझी बाजू लंगडी पडते. टामिया ह्या जपानी कंपनीची 1:35 ची लँड रोव्हर आहे माझ्याकडे, चक्क गुलाबी. ती बघून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नातीसाठी केली का? आता त्यांना कसं सांगू की खरी गाडीच गुलाबी होती, 1968 साली एसएएस ह्या ब्रिटिशांच्या खास कमांडो पलटणीसाठी अशा 72 गाड्या तयार केल्या, कारण वाळवंटात पहाटे आणि संध्याकाळी तो रंग हवेत मिसळून जातो. त्यांना वाटलं मी वेळ मारून नेतोय. नातीने मात्र ती मागितली, आणि मी दिली नाही, घरात दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

सध्या फॉक्सहाउंड हातात आहे. 1:48 चा किट मला मिळाला नाही म्हणून जुनी एटीएम कार्डं कापून स्वतःच करतोय, त्या व्ही चा कोन तीनदा चुकला, डाव्या बाजूचा दरवाजा अजून लोंबतोय. रंग दिवाळीच्या सुमाराला, हवा कोरडी झाली की.

दुरुस्ती छापणार असाल तर जागा तेवढीच लागेल, चारच शब्द: 'ब्रिटिश जॅकल, स्केल मॉडेल'.

आपला,
एक जुना वाचक, विक्रोळी (पूर्व)

ता. क. आरसा मिळाला. तांदळाच्या दाण्याएवढा आहे, हॉल झाडणाऱ्या मावशींनी केर भरताना उचलून कागदाच्या पुडीत ठेवला होता. सोमवारी टेबल परत न्यायला गेलो तेव्हा हातात देऊन म्हणाल्या, तुमच्या गाडीचा आरसा पडला होता.