मोठा दरवाजा उघडा ठेवा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400032

विषय : जुन्या वास्तूंमधल्या वस्तुसंग्रहालयांत दिव्यांगांना जाता यावं याबाबत

महोदय,

पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. चौथीचा वर्ग माझ्याकडे असतो, आणि चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. आमच्या गावापासून बावीस किलोमीटरवर एक जुनी गढी आहे. पांढऱ्या मातीचे बुरूज, आत सागवानी वाडा आणि त्या वाड्यात सरकारी वस्तुसंग्रहालय. अठरा वर्षं झाली, दर हिवाळ्यात मी मुलांना तिथे सहलीला घेऊन जाते. या अठरा वर्षांत मी स्वतः त्या वाड्यात एकदाही गेलेली नाही.

गढीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले रखवालदार काका चांगला माणूस आहे. नाव छापून आलं की पहिला खुलासा त्यांच्याकडूनच मागवला जाईल, आणि दोष त्यांचा मुळीच नाही.

मला पोलिओ झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. साल 1979. पल्स पोलिओची मोहीम देशात सुरू झाली ती 1995 मध्ये. कॅलिपर (पायाला बांधायचा आधाराचा सांगाडा) आणि कुबड्यांवर मी डी.एड. केलं, नोकरी धरली, रोज शाळेचे ओटे चढले. चाळिशीनंतर खांदे आणि चांगला पायही साथ सोडू लागला. पोलिओ झालेल्या बऱ्याच जणांचं असं होतं. वर्षानुवर्षं दुप्पट ओझं वाहिलेले स्नायू थकतात. सहा वर्षांपासून मी व्हीलचेअरवर आहे. पण कुबड्यांवर होते तेव्हाही त्या गढीच्या दारातून आत जाणं मला जमलं नव्हतं.

सहलीच्या दिवशी मी दारासमोरच्या कडुलिंबाखाली बसते. सोबतचे गुरुजी मुलांना आत नेतात. मुलांना मी एक काम लावून दिलेलं आहे: प्रत्येकाने आतली एक वस्तू नीट बघायची आणि बाहेर येऊन मला सांगायची, मी न बघता ओळखू शकेन अशी. मुलं फार मन लावून सांगतात. पालखीच्या दांड्याला वाघाचं तोंड आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. माजघरात धान्याचं पेव आहे आणि त्याच्या तोंडावर आता लोखंडी जाळी लावली आहे, हेही. माडीवर एक चिलखत आहे. ते एका मुलीने मला माशाच्या खवल्यांसारखं सांगितलं. दुसऱ्या वर्षी एक मुलगा म्हणाला, "मच्छरदाणीवानी हाय मॅडम, पण लोखंडाची." खवल्यांचं आणि कड्यांचं, ही दोन वेगळ्या जातीची चिलखतं. ते नेमकं कोणतं आहे हे मला आजही माहीत नाही, आणि मी मुलांना इतिहास शिकवते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक अंध मुलगा होता. तो बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, दाराजवळची भिंत माह्या नऊ वीत जाड हाय." बाकीच्या चाळीस मुलांपैकी एकाच्याही ध्यानात ती भिंत आली नव्हती. दारावरचे खिळे किती ओळींत आहेत, त्यांची टोकं कशी बोथट झाली आहेत, सगळं त्याने सांगितलं. मी विचारलं, आत काय होतं रे? तो म्हणाला, "आत नुसती काच हाय."

साहेब, या एका वाक्यावर तुमच्या विभागाने एक बैठक घ्यावी असं मला मनापासून वाटतं. वस्तूला हात लावू नये हे मलाही पटतं; घामाने धातू खराब होतो, पोथीचा कागद झिजतो. पण पायली, शेर, चिपटं ही मापं आमच्या तालुक्यातला लोहार आजही करून देईल. दगडी जातं आणि तोफेचा गोळा लेकरांच्या हातांनी झिजणार नाहीत. एका टेबलावर अशा सात-आठ वस्तू ठेवल्या, शेजारी ब्रेल अक्षरात मराठीतून दोन ओळी लिहिल्या, तर त्या मुलाला काचेपलीकडचं काहीतरी मिळेल. आणि डोळस मुलंसुद्धा आधी त्याच टेबलाकडे धावतील हे मी शिक्षिका म्हणून खात्रीने सांगते.

आता दाराविषयी. गढीला दोन फळ्यांचा मोठा दरवाजा आहे आणि त्याच्या एका फळीत दिंडी, म्हणजे ये-जा करायचं छोटं दार आहे. दिंडी ठेवण्यामागचं कारण मी मुलांना दरवर्षी शिकवते: एका वेळी एकच माणूस, तोही वाकून आत यावा, म्हणजे शत्रू असेल तर आतल्या पहारेकऱ्याच्या हाती सापडावा. खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून. ज्याने ही गढी बांधली त्याला माणसं अडवायची होती आणि त्याचं काम त्याने चोख केलं. पण तो काळ सरला, आज आत तिकीट काढून लोक जातात, आणि तरीही रोज उघडते ती दिंडीच. तिची रुंदी बावीस इंच भरते. माझी खुर्ची पंचवीस इंच आहे. दिंडीचा उंबरठा सव्वा फूट उंच आहे.

मोठा दरवाजा उघडतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. एका जयंतीला पाहुणे येणार होते. बिजागऱ्यांना तेल घातलं गेलं आणि दोन्ही फळ्या सहज मागे सरल्या. दिंडीचा उंबरठा हा त्या फळीचाच भाग असतो, दार उघडलं की तोही दाराबरोबर बाजूला होतो. राहतात फक्त बाहेरच्या दोन पायऱ्या. म्हणजे माझी अर्धी अडचण दूर करायला एक रुपयाचाही खर्च नाही.

दरवेळी कुणीतरी चांगल्या मनाने म्हणतं, "मॅडम, आमी चौघं आहो ना, खुर्चीसकट उचलतो तुमाले." त्यांच्या माणुसकीविषयी मला शंका नाही, पण मी नाही म्हणते, आणि कारण इथे लिहिते. दुसऱ्या एका जुन्या वास्तूत मी एकदा हो म्हटलं होतं. तिसऱ्या पायरीवर एकाचा पाय घसरला, खुर्ची तिरपी झाली आणि मी खांद्यावर आपटले. मार महिनाभरात बरा झाला. पण माझा पदर कुठे, पाय कुठे, आणि समोर माझ्याच वर्गाची मुलं उभी. ज्या बाईंनी सकाळी रांगेत उभं राहायला सांगितलं त्यांना पोत्यासारखं उचलताना त्यांनी बघितलं. एक मुलगी रडायला लागली. तेव्हापासून मी कुणाला उचलू देत नाही. माझ्यासारखी कित्येक माणसं, विशेषतः बायका, याच कारणाने घराबाहेर पडत नाहीत आणि मग कार्यालयं म्हणतात, दिव्यांग इथे येतच नाहीत, सोय कुणासाठी करायची?

मी तीनदा लेखी अर्ज दिले. उत्तर एकदाच आलं: वास्तू संरक्षित असल्याने तिच्यात बदल करता येत नाही. वास्तू जपायला हवी, हे मला कुणी समजावण्याची गरज नाही. त्या भिंतींसाठी मी अठरा वर्षं येते आहे. पण त्याच वास्तूत सागवानी खांबांना ड्रिल मारून वायरी नेल्या आहेत. चौकात सिमेंटचं व्यासपीठ आहे. मागच्या बाजूला चकचकीत फरशीचं स्वच्छतागृह बांधलं आहे आणि त्यावर खुर्चीचं निळं चित्रही आहे. आत केरसुण्या, पेंटचे डबे, कुलूप. त्याला रॅम्पही केला आहे: दीड फूट उंचीसाठी पाच फूट लांब. त्यावरून मोटारसायकल चढते, खुर्ची मागे कलंडते. रॅम्पचं साधं प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट लागतात. हे गणित आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना येतं.

कायदा आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, तरी लिहिते, कारण खालच्या कार्यालयांत तो कुणी वाचलेला दिसत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 45 प्रमाणे अस्तित्वात असलेल्या सगळ्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम 15 जून 2017 चे. मुदत जून 2022 मध्ये उलटली. जुन्या वास्तूंना यातून सूट आहे असं त्या कलमात कुठेही म्हटलेलं नाही, आणि सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सांस्कृतिक कामासाठी लोक जिथे जातात त्या इमारतीही येतात. दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी आणखी स्पष्ट केलं: सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, किमान काही निकष बंधनकारक हवेत. 2011 च्या जनगणनेत आपल्या राज्यात 29 लाख 63 हजारांहून जास्त दिव्यांग मोजले गेले, तेही कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार यायच्या आधी. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या आया त्यात धरलेल्याच नाहीत. आमच्या सहलीला दरवर्षी दोन-तीन आज्या नातवंडांसोबत येतात आणि माझ्या शेजारी कडुलिंबाखाली बसून राहतात.

जुन्या वास्तूला धक्का न लावता हे होतं, आणि आपल्याच देशात झालेलं आहे. जानेवारी 2001 मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद आबिदी यांनी रेटा लावला, आणि कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर, जंतरमंतर या चार ठिकाणी लाकडी रॅम्प बसले. हॉकिंग यांना स्मारकं बघता आली. लाकडी रॅम्प जमिनीवर टेकवून ठेवायचा असतो, उद्या उचलून ठेवता येतो, दगडाचा टवकाही उडत नाही. जगप्रसिद्ध पाहुण्यासाठी जे जमलं ते तालुक्याच्या गढीत, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलासाठी जमायला हवं.

मागच्या महिन्यात गावचे सुतार आणि आमच्या शाळेतली सातवीची मुलं टेप घेऊन गढीवर गेली. बाहेरच्या दोन पायऱ्या मिळून चौदा इंच, म्हणजे चौदा फुटांचा रॅम्प. समोर मोकळी जागा तीस फूट. देवडी, म्हणजे दारामागची पहारेकऱ्यांची जागा, सपाट आहे. आत चौकातून सोप्याचं जोतं दीड फूट उंच, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. चौक छत्तीस फूट लांब आहे. दोन्ही बाजूंना हात धरायला कठडा, आणि कडेला चाक घसरू नये म्हणून पट्टी. सुतारकाकांनी बाभळीच्या आणि सागाच्या लाकडाचा हिशेब काढून दिला. तो कागद मी अर्जासोबत वेगळा पाठवला आहे.

माडीचा जिना भिंतीच्या आत आहे, अरुंद आणि उभा. तिथे लिफ्ट बसवा असं मी म्हणणार नाही, तसं केलं तर वाडाच फोडावा लागेल. पण माडीवरच्या महत्त्वाच्या वस्तू आळीपाळीने खालच्या सोप्यात मांडता येतात. बाकीच्यांचे मोठे फोटो खाली लावता येतात. आतल्या माहितीपटाला मराठी अक्षरं दिली तर आमच्या शेजारच्या गावातल्या कर्णबधिर बहिणींना तो कळेल; सध्या त्या पडद्यावर ओठ हलताना बघतात आणि उठून जातात.

आणखी एक गोष्ट मनात आहे. याच कायद्याच्या कलम 29 मध्ये दिव्यांगांच्या इतिहासाचं संग्रहालय उभारण्याचं सांगितलं आहे. ते कुठे व्हावं असा विचार कधी झाला, तर विदर्भाकडे बघा. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या या संस्कृत पंडिताला गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी 1949 मध्ये आनंदवन सुरू केलं आणि ज्यांना गावाबाहेर काढलं होतं त्यांनी तिथे खडकाळ जमिनीत शेती उभी केली. हा इतिहास आमच्या मातीत आहे, आणि तो सांगणारी माणसं अजून हयात आहेत.

यंदाची सहल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. वर्गात बत्तीस मुलं आहेत, त्यातल्या एका मुलीच्या पायात माझ्यासारखाच कॅलिपर आहे. ती आत्तापासून विचारते, "मॅडम, मी आत जाईन का तुमच्याजवळ बसू?" मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

पक्के रॅम्प, टेबल, ब्रेल या सगळ्याला मंजुरी आणि वेळ लागेल हे मी समजू शकते. तोवर एवढंच करा: त्या दिवशी मोठा दरवाजा उघडा ठेवायचा आणि तात्पुरत्या फळ्या टाकू द्यायच्या, असा एका ओळीचा लेखी आदेश गढीवर पाठवा, म्हणजे रखवालदार काकांवर बालंट येणार नाही. फळ्या सुतारकाका बैलगाडीत घालून आदल्या दिवशी पोचवतील.

आपली,
चौथीची एक वर्गशिक्षिका
जिल्हा परिषद शाळा, पूर्णाकाठ, वऱ्हाड